मीटरजवळची खुर्ची

१

उभ्या गाडीची बॅटरी कोण पितंय हे शोधायचं काम खरं तर दोघांचं. एकाने करंट मोजायच्या मीटरवर डोळा ठेवायचा. दुसऱ्याने डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक फ्यूज काढायचा आणि दर वेळी ओरडून विचारायचं, “किती?” ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या वायरीवर चोर बसलेला असतो. एकट्याने करायचं तर दर फ्यूजमागे उठून मीटरपर्यंत जावं लागतं, आणि एकसष्टाव्या वर्षी गाडीतून पंचवीस वेळा उठणं म्हणजे गुडघ्यांशी उघड वैर.

आमच्याकडे मीटर वाचायचं काम ताईचं. माझी थोरली बहीण. लग्न तिनेही केलं नाही आणि मीही नाही, त्यामुळे भांडायला आम्ही दोघंच एकमेकांना होतो. उन्हात मीटरचा आकडा दिसत नाही, म्हणून मी लांब वायरी केल्या होत्या. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेऊन मीटर टेबलावर ठेवायचो. ताई तिच्या खुर्चीत बसून भाजी निवडता निवडता आकडे सांगायची. विजेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. “पॉइंट आठ म्हणजे जास्त की कमी रे?” हे तिने मला बावीस वर्षं विचारलं आणि बावीस वर्षं मी तिला दर वेळी वेगळं उत्तर देऊन छळलं.

मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी स्टार्टर करतो, दिवे करतो, हॉर्न करतो. ही शोधाशोधीची कामं घेत नाही. गुडघे दुखतात असं सांगतो.

२

सोमवारी दुपारी बाई आल्या. जवळच्याच शाळेत गणित शिकवतात, चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. शेजाऱ्याच्या बॅटरीला जोडून गाडी कशीबशी सुरू केली होती आणि आता इंजिन बंद करायला घाबरत होत्या.

“तीन दिवस उभी राहिली की मेली, काका. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. तिघांनी बघितली. एक जण म्हणाला, विकून टाका.”

“त्यालाच घ्यायची असेल,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. “माझी आई चाळीस किलोमीटरवर हॉस्पिटलमध्ये आहे. पाच महिने झाले झटका आला त्याला. डोळे मिटून पडलेली असते, बोलत नाही, ओळखत नाही. फोन कधीही येईल म्हणतात. तेव्हा ही सुरू झाली पाहिजे.” मग खिडकीच्या काचेवरचा डाग बोटाने पुसत म्हणाल्या, “बाबांच्या वेळी झाली नव्हती. कोणाची तरी गाडी मागत दारोदार फिरले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नर्स म्हणाली, शेवटी काहीतरी सांगत होते. काय ते तिला कळलं नाही. आईच्या वेळी मला तिथे असायचंय. एक शब्द बोलली तरी तो मला ऐकायचाय.”

ही कामं मी करत नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं.

“ठेवून जा,” मी म्हणालो. “उद्या संध्याकाळी घेऊन जा.”

३

मंगळवारी सकाळी गाडी अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी केली. किल्ली लांब शेडमध्ये टांगली, कारण हल्लीच्या गाड्यांना किल्ली नुसती जवळ आली तरी जाग येते. मला आत वाकायला चालकाचं दार उघडं हवं होतं, म्हणून त्याच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर अडकवला. तेवढ्याने गाडीला दार लागलंय असं वाटतं. बॅटरीची एक वायर सोडून मध्ये मीटर घातला. लांब वायरी खुंटीला होत्या तशाच होत्या. हात आपसूक तिकडे गेला. खिडकीतून आत, टेबलावर, खुर्चीसमोर.

आकडा आला पॉइंट आठ. झोपलेल्या गाडीला पॉइंट शून्य तीन पुरतात, तेवढ्यात तिचं घड्याळ आणि अलार्म भागतात. गाडीलाही झोप लागायला वेळ लागतो, म्हणून चाळीस मिनिटं थांबलो. आकडा ढिम्म हलला नाही. मग गुडघ्यांना चार शिव्या देऊन डॅशबोर्डखाली शिरलो.

पहिला फ्यूज काढला. “किती?”

“पॉइंट आठ.”

तो परत लावला, दुसरा काढला. “किती?”

“पॉइंट आठ.”

वायपर, रेडिओ, हॉर्न. प्रत्येक वेळी पॉइंट आठ. सातव्या वेळी उत्तराला जरा उशीर झाला, तर मी खेकसलोसुद्धा, “झोप लागली का?” त्यावर काही उत्तर आलं नाही. परत “किती?” विचारलं तेव्हा आलं.

अकरावा फ्यूज काढला.

“पॉइंट शून्य तीन.”

“सापडला,” मी म्हणालो आणि कंबर धरत बाहेर आलो. फ्यूज हातात घेऊन उन्हात उभा राहिलो. कोणत्या वायरीचा आहे ते बघितलं, मागच्या दारांच्या कुलपांचा होता. मनात म्हटलं, चला, एक काम झटक्यात झालं. पाणी प्यावं म्हणून घराकडे वळलो आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की घरात कोणी नाही.

४

स्वयंपाकघर रिकामं होतं. मीटरवर ०.०३ होता. मीटरचा दिवा लागलेला होता. तो दिवा अर्ध्या मिनिटात आपोआप विझतो, परत लावायचा तर बटण दाबावं लागतं. ताईची खुर्ची मी वर्षभर टेबलाखाली सारून ठेवली होती. ती हातभर बाहेर ओढलेली होती.

मी मूर्ख नाही. शेजारचा टीव्ही असेल, असं म्हणून पाहिलं. एकटं राहून डोकं फिरलं असेल, असंही म्हणून पाहिलं, आणि हे मला बरंचसं पटलं. पण माझं डोकं डॅशबोर्डखाली होतं. तिथून मीटर दिसत नाही. डोकं फिरलं तरी ते बरोबर आकडा कुठून आणणार? इथे माझी गाडी अडत होती.

आणि तो आवाज ताईचा नव्हता. ताईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हा बारीक होता, बाईचा, म्हातारा. दर आकड्याआधी एक श्वास, जड पिशवी उचलण्याआधी घेतात तसा. हे मला पहिल्या फ्यूजलाच कळायला हवं होतं. पण ज्याची सवय असते त्याच्याकडे माणूस नीट लक्ष देत नाही.

बिघाड अगदी साधा निघाला. मागच्या डाव्या दाराच्या कुलपातली कळ अडकली होती. गाडीला सारखं वाटायचं की ते दार उघडं आहे, कोणीतरी अजून बसायचंय, म्हणून ती झोपत नव्हती. तसली कळ माझ्या खणात पडून होती. अर्ध्या तासाचं काम. दुपारी बाईंना फोन केला असता तर त्या रात्री गाडी त्यांच्या दारात असती.

मी खणातली नवी कळ आणून पाकिटासकट सीटवर ठेवली. मग फ्यूज परत जागेवर लावला, डॅशबोर्डखाली शिरलो आणि डोळे मिटून विचारलं, “किती?”

श्वास. “पॉइंट आठ.”

संध्याकाळी बाईंना सांगितलं की दोष हाताला लागत नाहीये, दोन दिवस द्या.

५

बुधवारी मी सगळे फ्यूज पहिल्यापासून काढले. काही गरज नव्हती. मागच्या दाराचं आतलं आवरण सोडवलं, अर्धा डॅशबोर्ड उघडला, म्हणजे बाई मध्येच आल्या तर काम चाललेलं दिसावं. आणि विचारत राहिलो. दिवसभरात किती वेळा, ते मोजलं नाही. मध्येच म्हणायचो, “चहा ठेवू का?” किंवा “ऊन फार आहे नाही आज?” याला उत्तर नसायचं. फक्त “किती?” ला असायचं. तेही मला पुष्कळ होतं.

मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. आवाज येत असताना खिडकीकडे बघायचं नाही. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण भीतीहून जास्त बरं वाटत होतं. वर्षभर त्या घरात मी काही विचारलं आणि त्यावर उत्तर आलं, असं झालं नव्हतं. त्या रात्री मी कपाटातून दुसरा कप काढून धुऊन ठेवला.

गुरुवारी आवाज म्हणाला, “पॉइंट पाच.”

काही काढलेलंच नव्हतं. मी आत जाऊन मीटर बघितला. पॉइंट आठ. बाहेर येऊन परत विचारलं. “पॉइंट पाच.” चुकत असेल, असं म्हटलं. ताईसुद्धा चष्मा नसला की आठाचे पाच वाचायची. दुपारपर्यंत “पॉइंट चार” झालं. मीटर आठवरच होता.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. दोन बस बदलून आईला बघून आल्या होत्या. “चेहरा उतरलाय हो तिचा. डॉक्टरांना कारण कळत नाहीये. मंगळवारपर्यंत होती तशी होती म्हणे, आणि आता एकदम खचत चाललीय. गाडीचं बघा ना काका, तेवढं.”

“बघतोय,” मी म्हणालो. फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. पण शुक्रवारी सकाळी मी परत डॅशबोर्डखाली होतो.

शुक्रवारी मी पारख केली. मीटर गाडीपासून सोडवला. वायरींची टोकं अंगणात फरशीवर मोकळी टाकली. त्या टोकांना काही म्हणजे काही जोडलेलं नव्हतं. मग विचारलं.

श्वास या वेळी बराच लांब होता.

“पॉइंट दोन.”

६

शनिवारी अकराच्या सुमारास बाई शाळेतून धावत आल्या. हातात खडूची भुकटी तशीच होती.

“फोन आला. या म्हणाले. लगेच या.” मग त्यांनी गाडी बघितली. उघडा डॅशबोर्ड, सुटं दार, सीटवर पसरलेले स्क्रू.

“दहा मिनिटं द्या,” मी म्हणालो.

आठ मिनिटांत केलं. काम हातांना पाठ होतं. नवी कळ बसवली, बॅटरीची वायर घट्ट केली, डॅशबोर्ड होता तसा उघडाच ठेवला, त्यावाचून गाडी अडत नाही. बाई दाराचं आवरण धरून उभ्या होत्या. शेवटी अकरावा फ्यूज जागेवर दाबला, आणि बावीस वर्षांची खोड, तोंडातून निघून गेलं, “किती?”

“पॉइंट एक.”

बाईंच्या हातातून आवरण खाली पडलं.

“आई?”

मी काही बोलायच्या आत त्या स्वयंपाकघरात शिरल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आत कोणी नाही.”

“नाही.”

“आईचा आवाज होता तो.”

मी स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवला.

“कधीपासून?”

खोटं बोलायची सवय पाच दिवसांत चांगली लागली होती. तरी म्हणालो, “मंगळवारपासून.”

“आज शनिवार आहे,” त्या म्हणाल्या. त्यांची नजर सीटवरच्या रिकाम्या पाकिटावर गेली, त्यावर त्या कळेचं चित्र होतं. “परत विचारा.”

“नको.”

“पाच महिने मी तो आवाज ऐकला नाहीये, काका. एकदा विचारा.”

“विचारलं की कमी होतंय,” मी म्हणालो. हे मला बोलता बोलताच उमगत होतं. “मंगळवारी आठ होता. आता एक राहिलाय. मीटर काढून ठेवलाय केव्हाचा. ती गाडीचा आकडा सांगत नाहीये. आणि मी दिवसभर विचारत बसलो होतो.”

त्या गणिताच्या बाई. पुढचं सांगावं लागलं नाही.

मी किल्ली आणून गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. “निघा. त्या तिकडे आहेत. इथे नुसता आवाज आहे.”

त्या बसल्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेला मी लायक होतो.

७

अकरा वीसला निघाल्या. पन्नास मिनिटांचा रस्ता. मी अंगणात हत्यारांच्या पेटीवर बसलो आणि रुमालाचा बोळा तोंडात धरला. चुकूनसुद्धा तोंडातून तो शब्द जायला नको होता.

गल्लीत कोणी नव्हतं. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मी घड्याळाकडे बघत होतो. बाई आता पुलावर असतील. आता फाट्यावर असतील.

अकरा अडतीसला स्वयंपाकघरातून आवाज आला.

“पॉइंट शून्य आठ.”

मी विचारलं नव्हतं. रुमाल तोंडातच होता.

“पॉइंट शून्य सात.”

तिला सवय झाली होती. मीच लावली होती. पाच दिवस एका माणसाने सारखं विचारलं होतं, आता तो गप्प झाला तर ती बिचारी न विचारता सांगत होती, कामचुकार ठरू नये म्हणून.

“पॉइंट शून्य सहा.”

मी उठून खिडकीशी गेलो आणि माझा नियम मोडला.

ताईच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ होती. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, अंगात पाठीवर नाड्या बांधायचा फिका झगा, मधली नाडी सुटलेली. मान मीटरवर इतकी वाकली होती की कपाळ काचेला टेकत असावं. वाळलेलं एक बोट बटणावर होतं. ते दाबलं की दिवा लागायचा आणि त्या उजेडात गालाचं हाड तेवढं दिसायचं. मग खांदे वर उचलले गेले. श्वास घेत होती.

“बोलू नका,” मी म्हणालो. “आई, हात जोडतो. एक अक्षर बोलू नका. तुमची लेक रस्त्यात आहे. तोंड घट्ट मिटून बसा. कोणी कितीही विचारलं तरी उघडू नका. ऐकताय ना?”

खांदे तसेच वर राहिले. मग ती मान, मागे न वळता, दोनदा हलली. शहाण्या मुलीसारखी.

खिडकीच्या काचेवर उन्हाची तिरीप आली आणि मला माझाच चेहरा दिसला. काचेला हाताचा आडोसा करून परत बघितलं तेव्हा खुर्चीत कोणी नव्हतं. मी बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथेच उभा होतो. आवाज आला नाही.

८

एक वाजायला आला तेव्हा फोन वाजला.

“पोचले,” बाई म्हणाल्या. “वेळेत पोचले, काका. डोळे उघडलेत तिने. मला ओळखलं. हात धरलाय माझा.”

माझा जीव भांड्यात पडला. मी अंगणातच भिंतीला टेकून बसलो. बाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि हे माझ्या वाट्याला नको इतकं चांगलं होतं.

“डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाहीये. पण बोलता येईल तिला. येईल म्हणतात. माझ्याकडे बघतेय सारखी. डोळ्यांतून पाणी येतंय. काहीतरी सांगायचंय तिला, मला कळतंय ते. पण ओठ दाबून धरलेत, पांढरे पडलेत ओठ. मी एवढी विनवतेय, पाण्याचा चमचासुद्धा आत घेत नाही. कोणीतरी दटावून बसवावं तशी.” मग त्या म्हणाल्या, “मी गेल्यावर तुम्ही तिला काही म्हणालात का?”

तोंड कधीपर्यंत मिटून ठेवायचं, ते मी सांगितलंच नव्हतं.

“फोन धरून ठेवा,” मी म्हणालो आणि आत धावलो. खुर्ची टेबलापासून हातभर दूर होती. मीटरचा दिवा विझलेला होता. मी फोन खुर्चीच्या पाठीशी धरला आणि म्हणालो, “बोला, आई. आता बोला. त्या आल्यात. मी चुकलो, बोला तुम्ही.”

“काका, कोणाशी बोलताय?” फोनमधून बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. नुसती हाक ऐकू येऊ लागली, “आई. ए आई. बोल ना गं.” तिकडून त्या म्हणत होत्या आणि इकडून मी म्हणत होतो, आणि मध्ये कोणीच काही बोलत नव्हतं.

मग फोनमधली हाकही थांबली. मी मात्र बराच वेळ त्या खुर्चीला सांगत राहिलो.